चुकारा आला का देतो

सकाळचे सहा. काकाजी दुकानाच्या फळ्या काढताहेत. फळ्या नऊ, प्रत्येकीवर डांबराने आकडा घातलेला; क्रम चुकला तर शेवटची खाचेत बसत नाही. चौथी पावसाळ्यात फुगते. तिला खालून गुडघा द्यावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं हे गाव. दारव्ह्याला शकुंतला रेल्वे थांबायची तेव्हा गुळाच्या भेल्या, मिठाची पोती तिथून बैलगाडीने याच ओट्यावर उतरायची. रेल्वे बंद पडली. आतमध्ये कंदिलाच्या काचा अजून पेंढ्यात गुंडाळलेल्या आहेत. मागच्या पोळ्याचं बेगड, गोंडे, वेसणी तशाच टांगलेल्या. बैल उरले बोटावर मोजण्याइतके, तरी काकाजी दर श्रावणात माल भरतात.

सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, झाली की वेचणीहून परतणाऱ्या बाया ओटीत कापूस घेऊन यायच्या. काकाजी तो तागडीत टाकायचे आणि तेवढ्याची चहापत्ती, साखर, गोडंतेल द्यायचे.

आणि ही उधारीची लाल वही. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा. कापसाला हमीचा भाव मिळाला, पण चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचा पैसा, हप्त्याहप्त्याने यायचा, कधी कधी महिनोन्महिने रखडायचा. कापूस गेलेला, पैसा आलेला नाही, घरात पोरीचं लग्न. ते मधले महिने गावाचं तेलमीठ या वहीने चालवलं, तेही बिनव्याजी. सावकाराच्या गोष्टी आपण खूप ऐकल्या. माझ्या मते विदर्भाच्या कापसाचा इतिहास लिहायचा तर ही वहीसुद्धा उघडावी लागेल.

वहीत आडनावं कमीच. ‘नाल्याकाठचा’, ‘वाड्यातला धाकटा’, ‘पाटलाची सून’. काहींच्या घरांना आता कुलूप आहे. पोरं पुण्यात, नागपुरात. एकजण बापाच्या तेरवीला आला आणि बापाची उधारी चुकती करून गेला. बाकीची पानं काकाजींनी खोडली नाहीत.

आता सोयाबीन निघालं की रोख पैसा येतो आणि महिन्याचा किराणा दारव्ह्याहून एकदमच भरला जातो. इथे येतात ते राहून गेलेलं घ्यायला. हळद, काडीपेटी, पावशेर साखर.

दुपारी एक मुलगा येतो. हातात रिकामी बाटली.

“काकाजी, तेल द्या. बाबा म्हणते, लेहून ठेवा.”

“कापूस इकला का रे?”

“नाई अजून.”

काकाजी बाटली भरतात, बोटाने तिचं तोंड पुसतात आणि वही ओढतात.