धूर कुठे गेला?

नमस्कार श्रोतेहो. मुंबईच्या गिरण्यांचा धूर खरंच थांबला, की नुसता दुसरीकडे गेला, ते आज पाहू. परळ-लालबागच्या गिरण्या सुरुवातीला वाफेवर, म्हणजे दगडी कोळशावर चालत. 1915 साली टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी मोठाल्या नळांतून घाट उतरलं, जनित्रं फिरली आणि गिरण्यांचे माग हळूहळू त्या विजेवर चालू लागले. कापड तेच, कामगार तेच, फक्त कोळसा कमी झाला. रंगकामाला वाफ लागायचीच म्हणा. पुढे टाटांच्याच मुळशीच्या धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, सत्याग्रह झाला, ती किंमतही विसरू नये. पण इथे कार्बन खरोखर वाचला.

दुसरा बदल वेगळ्या जातीचा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं त्यात होती. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लोअर परळला मॉल नि काचेची ऑफिसं उभी राहिली. कारखाने जाऊन सेवाक्षेत्र आलं, की शहराचं कार्बन उत्सर्जन कागदावर घटतं. पण आपण कपडे घालायचे थोडेच थांबलो? कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर निघू लागलं. ते स्थलांतर तर संपाआधीच सुरू होतं. आणि काचेच्या ऑफिसात दिवसभर एसी लागतो.

चंद्रपूरचं कोळशावर चालणारं औष्णिक वीजकेंद्र 2920 मेगावॉटचं, महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचं सगळ्यात मोठं. तिथून एक उच्चदाबाची वाहिनी सुमारे 750 किलोमीटर धावत भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला येते. वीज इकडे मुंबईच्या बाजूला येते, राख तिकडेच राहते. कोळसा जिथे जळला तिथेच उत्सर्जन मोजलं, तर दोषी चंद्रपूर. वीज वापरणाऱ्याच्या नावावर मांडलं, तर बिल आपल्या दारात येतं. मला दुसरा हिशेब रास्त वाटतो.

आता सौरऊर्जेचा बदल येतोय. तो खोपोलीच्या जातीचा आहे, इंधनच बदलणारा. चंद्रपूरचे 210 मेगावॉटचे पहिले दोन संच बंदही झालेत. उद्या कोळशाच्या खाणी थंडावल्या, तर तिथल्या कामगारांचं काय, हे आताच ठरवायला हवं. गिरणी कामगारांची पोरं घरासाठी अजून म्हाडाच्या सोडतीची वाट बघताहेत.