हृदयाच्या नसांचा फोटो

(निपाणीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

हार्ट फेल्युअर हा शब्द ऐकला की घरचे हबकतात, हृदय बंदच पडलं असं धरून चालतात. ते बंद पडलेलं नसतं. शरीराला पुरेल इतकं रक्त पुढं ढकलणं त्याला जमत नसतं, इतकंच. बहुतेकांनी हे ऐकलंय, म्हणून त्यावर थांबत नाही.

आपल्याकडचा पेशंट बेळगावला जावो नाहीतर कोल्हापूरला, प्लास्टिकच्या पिशवीतून इकोचा रिपोर्ट काढतो आणि सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते: ईएफ. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, त्याचा हा आकडा. तो ५५-६० असला की निश्चिंत. ३५ किंवा त्याखाली उतरला की आयसीडीचा विषय निघतो. ठोके जीवघेणे बेताल झाले तर आतूनच शॉक देणारं ते यंत्र. खर्च लाखांच्या घरात. आता समजा, दोघांचाही ईएफ ३० आहे. एकजण पुढं कित्येक वर्षं रानात जाऊन येतो, दुसरा काही महिन्यांत झोपेतच जातो. इकोच्या कागदावर दोघं सारखेच होते. आणि यंत्र बसवलेल्या कितीतरी जणांना एकदाही शॉक लागत नाही, हेही तितकंच खरं.

फरकाचा काही भाग नसांत सापडतो. नसा म्हणजे इथं रक्तवाहिन्या नव्हे, हृदयाला हुकूम पोचवणारे मज्जातंतू. घाबरलो, पळालो, चढ चढलो की हृदयातल्या सिंपथेटिक नसांच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सुटतं आणि ठोके वाढतात. काम झालं की त्यातलं बरंचसं तीच टोकं परत आत ओढून घेतात. गोटी सोड्याच्या दुकानात बाटली बाहेर जाते, रिकामी होऊन परत येते, पुन्हा भरली जाते, तसंच. हे परत घेणं उलगडून दाखवणाऱ्या ज्युलियस ॲक्सेलरॉड यांना १९७० च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. हृदय दुबळं झालं की शरीर या नसांना रात्रंदिवस कामाला लावतं. थोडे दिवस त्यानं निभावतं. महिनोन्‌महिने चाललं की सोडणं वाढतं, परत घेणं मंदावतं, टोकं निकामी होत जातात. रक्तात नॉरएपिनेफ्रिन जितकं जास्त, तितका हार्ट फेल्युअरच्या पेशंटच्या जिवाला धोका जास्त, हे १९८४ मध्येच दिसलं होतं. पण रक्त अख्ख्या शरीराचं सांगतं. हृदयातल्या नसांचं वेगळं कसं कळणार?

त्यासाठी एमआयबीजी. हा रेणू नॉरएपिनेफ्रिनशी इतका मिळताजुळता की नसेचं टोक फसतं आणि त्याला आत घेतं. त्याला किरणोत्सारी आयोडीन-१२३ जोडलेलं असतं, त्यामुळं किरणोत्सार टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्याला तो दिसतो. थायरॉईडनं ते आयोडीन ओढू नये म्हणून आधी साधं आयोडीन पाजतात. मग शिरेतून इंजेक्शन, पंधरा-वीस मिनिटांनी एक फोटो, साधारण चार तासांनी दुसरा. हृदयावर किती चमक आणि छातीच्या मधल्या, वरच्या भागात किती, याचं गुणोत्तर काढतात. निरोगी माणसात ते दोनच्या आसपास किंवा वर असतं. खराब हृदय दुसऱ्या फोटोत जवळजवळ दिसतच नाही. शेजारी यकृत लख्ख आणि हृदयाच्या जागी अंधार. पहिल्या फोटोपासून दुसऱ्यापर्यंत किती निसटून गेलं, तेही मोजतात.

२०१० मध्ये ॲडमायर-एचएफ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३५ किंवा त्याखाली ईएफ असलेले ९६१ पेशंट होते. गुणोत्तर १.६० च्या खाली असलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना दोन वर्षांत मोठा त्रास झाला: आजार बळावला, ठोके बेताल झाले किंवा मृत्यू आला. १.६० किंवा वर असलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. हृदयविकारानं मृत्यू मात्र ११.२ टक्के विरुद्ध १.८ टक्के. माझ्या मते या चाचणीची खरी किंमत त्या १.८ मध्ये आहे. भीती दाखवायला आपल्याकडे साधनं पुष्कळ आहेत. धीर देणारी कमी. पण असा चांगला आकडा त्या अभ्यासात जेमतेम पाचातल्या एकाचाच होता, आणि नुसत्या या फोटोवरून कुणाला यंत्र नाकारावं असं मी म्हणणार नाही. मधुमेहानंसुद्धा या नसा खराब होतात, पार्किन्सन्समध्येही. फोटो वाचणाऱ्याला हे माहीत हवं.

आयोडीन-१२३ सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनतं आणि साधारण १३ तासांत निम्मं होतं. साठवून ठेवायची सोय नाही. त्यामुळं सीमाभागात ही रोजची तपासणी नाही, आणि आहे असं सांगून कुणी पैसे मागितले तर चार प्रश्न विचारा.

आता निपाणीत बोलतोय म्हणून तंबाखू. निकोटिन याच टोकांतून नॉरएपिनेफ्रिन सोडायला लावतं. वखारीत काम करणाऱ्या बायका मिश्री लावतात, ‘आम्ही विडी ओढत न्हाई’ म्हणतात. पण हिरडीतूनही निकोटिन रक्तात जातंच.

या तपासणीआधी चालू गोळ्या बंद कराव्या लागतात का, अशी चिठ्ठी एकानं मघाशी पाठवली आहे. कार्व्हेडिलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल या गोळ्या नसांचा हा मारा हृदयापर्यंत पोचू देत नाहीत, आणि तपासणीसाठी त्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत. लॅबेटॅलॉल, नैराश्यावरची काही जुनी औषधं आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या मात्र फोटो बिघडवतात. कुठली किती दिवस थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत टाका, मेडिकलवाल्याकडून सर्दीसाठी घेतलेलं अर्धं पाकीटसुद्धा.