डीएनएला किती दिसतं?

नेदरलँड्सच्या उत्तरेचा फ्रीसलँड प्रांत. ३० एप्रिल १९९९ ची रात्र. सण साजरा करून सायकलवरून परतणारी १६ वर्षांची मुलगी घरी पोहोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी शेतात तिचा मृतदेह सापडला. तिच्यावर बलात्कार करून खून झाला होता.

जवळच्या कोलुम गावात निर्वासितांचं केंद्र होतं. लोकांनी बोट तिकडेच दाखवलं. परक्या माणसांवर संशय घ्यायला पुरावा लागला नाही.

पुरावा मात्र होता. खुन्याचा डीएनए हाती होता. लायडनच्या प्रयोगशाळेत जनुकशास्त्रज्ञ पीटर द क्नाइफ यांनी त्यातलं वाय गुणसूत्र तपासलं. बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जाणारं हे गुणसूत्र पितृकुळाचा माग देतं. इथे तो माग वायव्य युरोपाकडे जात होता. म्हणजे खुनी बहुधा याच मातीतला! पण अशा तपासणीला डच कायद्यात तेव्हा जागा नव्हती. ती मिळाली २००३ मध्ये.

२०१२ मध्ये परिसरातल्या ८,००० हून अधिक पुरुषांना नमुने द्यायला बोलावलं गेलं. त्यांतच खुनी सापडला. पंचक्रोशीतलाच एक शेतकरी. त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली.

मूळ प्रदेश कळला, म्हणून रूप कळत नाही. त्यासाठी निराळ्या खुणा वाचाव्या लागतात. रॉटरडॅमच्या संशोधकांची २०११ ची ‘आयरिसप्लेक्स’ चाचणी डीएनएतल्या फक्त ६ जागा बघते. सर्वांत महत्त्वाची जागा एचईआरसी२ जनुकात आहे. शेजारच्या ओसीए२ जनुकाचं काम किती चालावं, म्हणजेच बुबुळात रंगद्रव्य किती तयार व्हावं, यावर तिचा मोठा प्रभाव असतो.

निळे आणि तपकिरी डोळे ही चाचणी चांगले ओळखते. मधल्या छटांवर मात्र अडखळते. कोकणात अनेक घरांत दिसणारे घारे डोळे याच मधल्या छटांतले. केसांचंही तसंच. लहानपणी सोनेरी असलेले केस मोठेपणी अनेकदा गडद होतात, डीएनए मात्र तोच राहतो.

उत्तर येतं ते शक्यतेच्या टक्केवारीत. तपासाची दिशा चुकत असेल, तर ती टक्केवारी फार मोलाची. तिच्यावरून चेहरा रंगवणं मात्र आम्हाला धोक्याचं वाटतं. २०२२ मध्ये कॅनडातल्या एडमंटनच्या पोलिसांनी डीएनएवरून संगणकाने बनवलेलं एका कृष्णवर्णीय संशयिताचं चित्र जाहीर केलं. ते शहरातल्या कितीतरी निरपराध तरुणांशी जुळलं असतं. टीकेची झोड उठली. दोन दिवसांत पोलिसांनी चित्र मागे घेतलं आणि माफी मागितली.