दाभोळच्या खाडीत बोट किती वाजता काढायची?

नमस्कार मंडळी. दाभोळ खाडीचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा: बोट कुठे मिळेल, किती घेतील? खाडीच्या तोंडाशी दाभोळला विचारा, वर चिपळूणजवळ गोवळकोटला विचारा, भाव आधी ठरवा, लाइफ जॅकेट अंगात घाला. झालं.

विचारायला हवं ते कुणी विचारत नाही. पाणी कधी आहे? वाशिष्ठी नदीचा हा खाडीचा पट्टा म्हणजे राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 28. 2016 च्या कायद्यात 111 जलमार्ग जाहीर झाले, त्यातला एक. पण कायदा झाला म्हणून पाणी चढत नाही हो, ते भरतीलाच चढतं.

हिशेब किनाऱ्यावरचं शेंबडं पोर सांगेल. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी? चार पाऊण तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा. पुनव-अवसेला सव्वाअकरा ते बारा, तेही उधाण. पक्ष शुक्ल असो की वद्य. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. आणि ही वेळ खाडीच्या तोंडाची. वर गोवळकोटला पाणी उशिरा पोचतं.

आता ही कमेंट बघा. "दादा, अष्टमीला दहाला निघतो, बाराला वर." अरे बाबा, सहाला भरती म्हणजे बाराला ठणठणीत सुकती! पाणी समोरून येणार, डिझेल जळणार, वर वाळूच्या पट्टीवर बसाल ते वेगळंच. चढत्या पाण्याबरोबर वर जायचं, उतरत्याबरोबर खाली यायचं. सुट्टी रविवारची असेल तुमची, खाडीची नसते.

मागच्या हिवाळ्यात एका कुटुंबाचं जेवण लांबलं. मासे आले, सोलकढी आली, परत सोलकढी आली. खाली येऊन बघतात तर बोट चिखलात एका कुशीवर कललेली. काका तांडेलावर, म्हणजे बोट चालवणाऱ्यावर, डाफरतायत, "ढकला की!" तांडेल शांतपणे तंबाखू मळतोय. पाणी येईपर्यंत कोण काय ढकलणार?

फक्त मगरी बघायच्या असतील तर गणित उलटं. थंडीत, सुकतीला, उघड्या पडलेल्या चिखलावर त्या ऊन खात पडतात. तेव्हा चिपळूणच्या बाजूनेच लहान होडी घ्या, दाभोळहून यायचा हट्ट नको. तांडेलाला वेळ सांगू नका, विचारा.

आणि "स्वतःचा कयाक आणू का?" विचारणारे तिघेजण, मगरी आहेत म्हटलं ना आत्ता!