पंपिंग किती आहे?

(पर्वती. सकाळचे सहा.)

पर्वतीच्या 103 पायऱ्या. रोजचे आजोबा वर जाऊन देवदर्शन करून खालीही उतरले. तिशीतला हा तरुण मात्र मध्येच कठड्याला टेकलाय. "व्यायाम नाही, दुसरं काय!" पुण्यात रोगनिदान फुकट मिळतं.

(इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची खोली. अंधार.)

डाव्या कुशीवर तोच तरुण. छातीवर थंडगार जेली. पडद्यावर झडपेची उघडमीट. आईचा प्रश्न ठरलेला: "पंपिंग किती आहे?"

"65."

म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी 65 टक्के एका ठोक्यात बाहेर पडतं. झकास. पण डॉक्टर थांबलेत दुसऱ्याच आकड्यावर. दोन कप्प्यांमधला पडदा 19 मिलिमीटर जाड. एरवी तो 11 च्या आत असतो.

हे हृदय आवळतं जोरात, सैल पडताना अडतं. सैल पडलं नाही तर भरणार कसं? चढावर ठोके वाढले की भरायला वेळही उरत नाही.

ही जाडी जिममधली नाही, बीपीचीही नाही. हा हृदयाच्या स्नायूचाच, वारशाने येणारा आजार: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. स्नायूच्या तंतूंत मायोसिन नावाचं प्रथिन वल्ही मारत असतं. त्याच्या जनुकातल्या बदलाने हा आजार होतो, हे 1990 साली कळलं. या वल्ह्यांना आवर घालणारं आणखी एक प्रथिन आहे. त्याच्या जनुकातली डीएनएची 25 अक्षरं भारतीय उपखंडातल्या साधारण 4 टक्के लोकांत गळालेली आहेत. दर पंचविसात एक! अर्थात त्या सगळ्यांचं हृदय बिघडत नाही. पर्वती दोनदा चढणारेही त्यांत असतील.

उलटही घडतं. टायटिन ही स्नायूतली स्प्रिंग, शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन. ते अर्धवट बनलं तर कप्पा फुगू शकतो, पंपिंग 30 वर येऊ शकतं. "हार्ट मोठं झालंय" म्हणतात, ते असं.

"घरात कुणाला हार्टचं?"

"सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय."

"ते नळ्यांचं झालं. कुणी तरुणपणी अचानक?"

आई जरा वेळ गप्प.

"माझा भाऊ. क्रिकेट खेळताना. ऊन लागलं म्हणाले होते."

"काकू, धाकटीला आणा. तिच्यातही हा बदल असण्याची शक्यता निम्मी. आणि आता तुमचाही इको करू."

"मला कुठे काय होतंय!" म्हणत त्या पर्स लेकाकडे देतात, चपला काढतात.