करटोलीला घेऊन पुण्यापर्यंत

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार. मे महिना लागला की आपल्या वडोदऱ्यातील कितीतरी मराठी घरांतून पुणे, सातारा, कोल्हापूर या दिशांना गाड्या निघतात आणि अलीकडे त्यांत माणसांच्या बरोबरीने पाळीव प्राणीही असतात. कुत्र्यामांजरांच्या प्रवासाविषयी पुष्कळ बोलले जाते. मी आज बोलणार आहे ती हेजहॉगविषयी. ज्यांना हे नाव नवे वाटेल त्यांनी आपल्या गुजराती शेजाऱ्यांना विचारावे. ते त्याला शेळो म्हणतात. साळिंदर हा वेगळा प्राणी आहे आणि आकाराने कितीतरी मोठा आहे. हेजहॉगचे वजन साधारण ३०० ते ६०० ग्रॅम भरते. तो दिवसा झोपतो, रात्री हिंडतो आणि भ्याला की काट्यांचा चेंडू होऊन बसतो. एक गोष्ट मात्र आरंभीच सांगते. कच्छच्या कोरड्या माळांवर आढळणारा आपला देशी शेळो हा वन्यप्राणी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पकडून घरी ठेवता येत नाही. घरांतून पाळला जातो तो आफ्रिकेतला ठेंगणा हेजहॉग, आणि माझे सारे बोलणे त्याच्यापुरतेच आहे.

या प्राण्याला घेऊन लांबचा प्रवास करताना सर्वांत आधी सांभाळायचे ते तापमान. पुन्हा सांगते, तापमान. त्याला २४ ते २९ अंश सेल्सिअस एवढी ऊब मानवते. पारा २०च्या खाली गेला तर त्याचे शरीर गारठून सुस्त होऊ लागते, आणि तिशीच्या बराच वर गेला तर उष्माघाताचे भय असते. उन्हाळ्यात आपण सगळे उष्म्याचीच काळजी करतो. आम्हीही तेवढीच केली, आणि त्यातून काय घडले ते मला आज आपल्याला सांगायचे आहे.

माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत होता, तेव्हा त्याने एक हेजहॉग मादी पाळली होती. पुण्याला नोकरी लागल्यावर पहिले काही महिने त्याला मित्रांबरोबर एका खोलीत राहावे लागले, म्हणून त्याने तिला आमच्याकडे ठेवले. माझ्या सासूबाईंनी तिला पाहताक्षणी करटोली असे नाव दिले, कारण पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या त्या काटेरी भाजीसारखीच ती दिसत होती. पुतण्याला घर मिळाले आणि मे महिन्यात आम्ही करटोलीला तिच्या धन्याकडे पोहोचवायला निघालो. रस्ता साडेपाचशेच्या आसपास किलोमीटरचा. पहाटे निघायचे ठरवूनही निघेपर्यंत साडेसात वाजले.

बाहेर ऊन तापू लागले होते. तिला उकडू नये म्हणून मी तिची पेटी मुद्दाम मागच्या सीटवर, एसीचा झोत थेट येईल अशा जागी ठेवली. माया होती, पण माहिती नव्हती. गाडीत आम्हाला छान गार वाटत होते. सासूबाईंनी शाल पांघरली, तेव्हाच मला कळायला हवे होते. भरूचजवळ नर्मदा ओलांडली, आम्ही हात जोडले, आणि अंकलेश्वर मागे पडल्यावर माझ्या मुलीने सहज पेटीत हात घातला. एरवी स्पर्श झाला की करटोली फुसफुसायची, काटे उभे करायची. त्या दिवशी तिने काहीच केले नाही. ती अर्धवट गुंडाळलेली, सैल पडलेली होती आणि तिचे पोट हाताला गार लागत होते. मुलगी रडायलाच लागली.

सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "अरे, आधी गाडी बाजूला घे, आणि तिला माझ्याकडे द्या." पुढच्या पेट्रोल पंपाच्या आवारात एक कडुनिंब होता. त्या गार गाडीतून उतरल्या, निंबाखालच्या ओट्यावर बसल्या, पदराची चौपदरी घडी मांडीवर घेतली आणि करटोलीचे मऊ पोट आपल्या उघड्या तळहातावर येईल अशा बेताने तिला पोटाशी धरून बसून राहिल्या. सावलीतही अंग भाजत होते. त्यांचे वय तेव्हा ७४ होते. मी आमच्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी सांगितले, "सासूबाई करताहेत ते अगदी बरोबर आहे, त्यांना उठवू नका." गरम पाण्यात घालू नका, उन्हात ठेवू नका, अंगाची ऊब हळूहळू द्या, असे त्यांनी बजावले. आफ्रिकेतल्या तिच्या मुलखात कडक हिवाळा नसतो, त्यामुळे युरोपातल्या तिच्या भाऊबंदांसारखी लांब शीतनिद्रा घेण्याची तयारी तिच्या शरीरात नसते. थंडी लागली की शरीर तसे करू पाहते आणि त्यातून पुन्हा वर येणे त्याला झेपत नाही, हे मला त्या फोनवरच प्रथम कळले.

जवळजवळ चाळीस मिनिटे गेली. मग पदराच्या घडीतून नाक बाहेर आले, हलू लागले. आम्हाला हायसे वाटते न वाटते तोच तिने सासूबाईंची बोटे चाटली, मान पाठीकडे विचित्र वळवली, आणि तिच्या तोंडाला फेस आला. तो फेस ती जिभेने स्वतःच्या काट्यांवर लावू लागली. आम्हाला वाटले, आता झटकाच आला. पुन्हा डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारले, "हाताला कसला वास आहे का?" सासूबाईंनी सकाळी दशमीबरोबर लिंबाचे लोणचे खाल्ले होते. नवा, तीव्र वास मिळाला की हेजहॉग असेच करतात. तो पदार्थ चघळून फेस करतात आणि अंगावर माखतात. तो आजार नाही, त्यात अडवू नये. तोच तिच्या शुद्धीवर आल्याचा पुरावा ठरला. मला येथे दशम्यांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. हमरस्त्यावर वाटेल ते खाण्यापेक्षा घरची शिदोरी बांधून नेण्याची आपली रीत फार चांगली आहे, ती मोडू देऊ नये.

पुढचा सारा प्रवास आम्ही एसी २६वर ठेवून केला, आणि सासूबाईंनी पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आता वेळ थोडा उरला आहे, म्हणून बाकीचे भराभर सांगते. पेटी टणक आणि हवेशीर असावी, ती सीटच्या पट्ट्याने आवळावी आणि आत एक लहान तापमापक ठेवावा, कारण आपल्या अंगाला जे वाटते ते त्याला वाटत नसते. खेळायचे चाक व जड वाटी काढून घ्यावी; गाडी करकचून थांबली तर त्यांनीच इजा होते. आत मऊ, धागे न सुटणारे कापड घालावे. टॉवेलच्या धाग्यांत त्याच्या इवल्या पायांची बोटे अडकतात. पाणी दर थांब्याला द्यावे. दूध कधीही देऊ नये, ते त्याला पचत नाही. वाटेत हिरवी शी झाली किंवा लाळ गळली तर पुष्कळदा गाडी लागलेली असते, थोडे थांबावे. बंद गाडीत त्याला ठेवून जेवायला जाऊ नये, कारण उन्हात उभ्या गाडीतली उष्णता दहा मिनिटांत जवळजवळ १० अंशांनी वाढते. आणि कर्णकर्कश हॉर्न वाजवणाऱ्यांनो, बारीकशा टकटकीनेही दचकणारा जीव शेजारच्या गाडीत असू शकतो, एवढे ध्यानात ठेवा. वाढदिवसाची भेट म्हणून असे प्राणी देणाऱ्यांविषयीही मला राग आहे. ज्याला त्याचे पोट हाताला किती ऊन लागते हे ठाऊक नाही, त्याच्या ओंजळीत तो देऊ नये.

पोहोचल्यावर त्याला शांत, अंधारी खोली द्यावी. पहिल्या रात्री त्याने खाल्ले नाही तर घाबरून जाऊ नये. दुसऱ्या दिवशीही तोंड लावले नाही तर मात्र पशुवैद्यांना विचारावे. आम्ही पुण्याला रात्री नऊला पोहोचलो. करटोलीने त्या रात्री काही खाल्ले नाही आणि पुतण्या जागाच राहिला. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास शेजारच्या खोलीतून वाटीतले दाणे फुटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी अंधारातच मला हाक मारली, "ऐकलंस का गं? खातेय ती."