थंडीच्या देशात लाकडाचा बॉयलर घेताना

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा लांबच्या मुलखातला वाटेल, पण कोल्हापुरात आता नात्यागोत्यातलं कोणीतरी जर्मनीला, कॅनडाला नाहीतर अमेरिकेला असतंच, आणि त्यातली बरीच पोरं आता भाड्याचा फ्लॅट सोडून गावाबाहेर स्वतःची घरं घ्यायला लागलीत. असल्या गावात गॅसची लाईन नसते, तेल महाग, वीज महाग, आणि शेजारीच जंगल असतं. मग फोन येतो, मामा, लाकडाचा बॉयलर घेऊ का, कुठला घेऊ, किती किलोवॅटचा घेऊ. माझ्या भाच्यानं विचारलं, मग त्याच्या मित्रानं विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट सगळ्यांसमोरच बोलू.

आधी थंडी म्हणजे काय ते बघा. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे १४-१५ डिग्री झालं तरी रंकाळ्यावर सगळे कानटोपी घालून फिरतात. तिकडं बाहेर उणे २० असतंय आणि घरात २० पाहिजे, म्हणजे ४० डिग्रीचा फरक, आणि तो दिवसरात्र महिनोन्महिने टिकवायचा. त्यासाठी बॉयलर पाणी तापवतो आणि पंप ते पाणी घरभर भिंतीवरच्या रेडिएटरमधून नाहीतर फरशीखालच्या पाइपातून फिरवतो. मूळ रचना आपल्या तांब्याच्या बंबाचीच आहे, मधल्या नळात जाळ आणि भोवती पाणी, फक्त तिथं ते पाणी अंघोळीला न जाता बंद पाइपातून फिरून परत येतं.

आता पोरं चुकतात ती पहिल्याच प्रश्नात. किती किलोवॅटचा घेऊ हा प्रश्न बॉयलरचा नाहीच, तो घराचा आहे. भिंती किती जाड, माळ्यावर उष्णता अडवणारं आवरण, म्हणजे इन्सुलेशन, आहे का, खिडक्या एका काचेच्या की तीन काचेच्या, यावरून ठरतं की कडाक्याच्या रात्री घराला किती उष्णता लागणार. चांगलं बांधलेलं नवं घर ५-६ किलोवॅटमध्ये भागतं, तेवढंच मोठं जुनं गळकं घर १५ मागतं. दुकानदार सहज ४० चा गळ्यात मारतो, मोठा असला की काळजी नाही म्हणून. आणि मग काय होतं, घर तासाभरात गरम होतं, बॉयलर हवा बंद करून घेतो, आत दोन ओंडके तसेच धुमसत राहतात, धूर होतो, धुरांड्यात डांबरासारखा काळा थर बसत जातो, आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. धुरांड्याची आग ही घर जाळणारी गोष्ट आहे मंडळी, म्हणून मी एवढं आवर्जून सांगतोय.

धूर म्हणजे न जळलेलं जळण. कोरड्या लाकडाचा वजनानं साधारण ८० टक्के भाग आधी वायू होतो आणि मग जळतो. चांगल्या बॉयलरमध्ये, ज्याला गॅसिफिकेशन बॉयलर म्हणतात, लाकूड वरच्या कप्प्यात असतं आणि पंखा तो वायू खाली सिरॅमिकच्या भोकातून ओढतो, तिथं जादा हवा मिळाली की तो १००० डिग्रीच्या आसपास जळून जातो. अशा वेळी धुरांड्यातून जवळजवळ काहीच दिसत नाही. पण हे सगळं कधी, तर लाकूड सुकं असेल आणि जाळ पूर्ण जोमानं चालू असेल तर. या दोन अटी आहेत, आणि माझ्या मते सगळी निवड या दोन अटींभोवतीच फिरते.

लाकडाचं बघू. ताजं तोडलेलं झाड वजनानं जवळपास निम्मं पाणी असतं. वीस टक्क्यांच्या खाली आलं की किलोमागं साधारण ४ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट, किलोवॅट-तास) उष्णता मिळते, ओल्याला निम्म्याच्या जरा वर, म्हणजे पैसे, घाम, गाडीभाडं सगळं तेवढंच आणि ऊब निम्मी. देवदारासारखं मऊ लाकूड फोडून रचलं तर एका उन्हाळ्यात वाळतं, ओकसारख्या कठीण लाकडाला दोन वर्षं लागतात. भाच्यानं मला थप्पीचा फोटो पाठवला, छान रचलेली, वर पत्रा, बाजू उघड्या, वारा खेळता, आणि म्हणाला ओलावा मोजायचं मीटर १६ टक्के दाखवतंय. मी म्हटलं एक फोड मधोमध चीर आणि आतल्या ताज्या बाजूला मीटरच्या सुया टोच. तिथं निघाले ३१. बाहेरून वाळलेलं लाकूड आतून ओलं असतं, विकणारा नेहमी बाहेरची बाजू दाखवतो. म्हणून बॉयलर घ्यायच्या एक वर्ष आधीच जळण घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, ऐकायला विचित्र वाटतं पण पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं.

दुसरी अट, जाळ जोमानं चालू पाहिजे. पण घराला दर तासाला थोडीथोडीच उष्णता लागते, मग उरलेली कुठं ठेवायची? पाण्यात. बॉयलरशेजारी एक मोठी इन्सुलेटेड टाकी बसवायची, बफर टँक म्हणतात तिला. हिशेब सोपा आहे, १५०० लिटर पाणी ६० वरून ८५ डिग्रीला नेलं की साधारण ४३ युनिट उष्णता साठते. घराला ताशी ८ लागत असेल तर पाच तास आरामात निघतात. आणि फरशीखालून गरम पाणी फिरत असेल तर तेच पाणी ३५ डिग्रीपर्यंत वापरता येतं, म्हणजे साठा दुप्पट, दहा-अकरा तास, रात्रभर कुणी उठायला नको. जर्मनीत हाताने लाकूड घालायच्या बॉयलरला दर किलोवॅटमागं किमान ५५ लिटर टाकी कायद्यानंच पाहिजे, म्हणजे २५ किलोवॅटला १३७५ लिटर. जिथं असा कायदा नाही तिथं दुकानदार टाकीशिवाय विकतो, कारण टाकीमुळं बिल वाढतं आणि गिऱ्हाईक पळतं. पैसे कमी पडत असतील तर बॉयलर लहान घ्या पण टाकीवर काटकसर करू नका.

परत येणाऱ्या पाण्याबद्दल एवढंच, ते ६० डिग्रीच्या आसपास असल्याशिवाय बॉयलरमध्ये शिरू देऊ नये, त्यासाठी एक मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो. गार पाणी शिरलं की धुरातली वाफ आतल्या पत्र्यावर जमते, ती आम्लयुक्त असते आणि काही वर्षांत पत्रा खाऊन टाकते.

आता लाईट गेल्यावर काय. आपल्याला लोडशेडिंगची सवय आहे, तिकडं बर्फाच्या वादळात तारा तुटतात आणि दोनदोन दिवस वीज नसते. पंप थांबला, पंखा थांबला, पण आतले वीस किलो निखारे थांबत नाहीत, पाणी तापतच जातं. म्हणून जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तापून फुगलेलं पाणी सामावणारा एक्स्पान्शन टँक तर हवाच, शिवाय युरोपात एक थर्मल व्हॉल्व्ह बसवतात, पाणी ९५ च्या आसपास गेलं की तो नळाचं गार पाणी आतल्या कॉइलमधून सोडतो आणि बॉयलर थंड करतो. पण ज्यांच्याकडं विहिरीचं पाणी मोटरनं येतं त्यांनी विचार करा, लाईट गेली की तेही पाणी बंद! अशा घरात पंपाला इन्व्हर्टर लावा किंवा वरच्या मजल्यावर एक असा रेडिएटर ठेवा जिथं गरम पाणी पंपाशिवाय आपोआप चढून जाईल. आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म झोपायच्या खोलीपाशी लावाच, त्या वायूला वास नसतो.

अमेरिकेत अंगणात उभा करायचे बॉयलर फार चालतात, धूर घरात नको म्हणून. माझा त्यांच्यावर तेवढा विश्वास नाही, जुन्या पद्धतीचे तर पार धुमसत बसतात. २०२० च्या मे महिन्यापासून तिथं धुराचे कडक नियम आले, नवीन घेतला तर त्या नियमांचं प्रमाणपत्र बघा, जुना स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. अंगणातून घरात येणाऱ्या जमिनीखालच्या पाइपाला चांगलं आवरण हवं, पाइपावरचा बर्फ पट्ट्यात वितळलेला दिसला तर समजा उष्णता मातीत चाललीय.

शेवटी माणसांचं. सहा-सात टन जळण वर्षाला फोडायचं, रचायचं, आत आणायचं, राख काढायची, धुरांडं साफ करून घ्यायचं. घरात दोघंही नोकरीला, लहान मूल, पाठीचं दुखणं असेल तर लाकूड सोडा आणि पेलेटचा बॉयलर घ्या, भुशाच्या दाबलेल्या गोळ्या स्क्रूनं आपोआप आत जातात, दोन किलो पेलेट म्हणजे साधारण एक लिटर तेल. महाग पडतो, पण आईवडील तीन महिने राहायला गेले आणि मुलं कामावर असली तर सत्तरीच्या माणसाला उणे वीसमध्ये लाकडं वाहायला लागत नाहीत. इथं ऐकणाऱ्या आईवडिलांनी हे पोरांना फोनवर स्पष्ट विचारावं, तू नसताना जाळ कोण घालणार? उत्तर मिळाल्याशिवाय बुकिंग करू देऊ नका. बरं, येतो. नमस्कार.